जांभळीखालची बांधी

त्या साली आषाढात गावातली तरणी माणसं आडवी पडली आणि म्हातारी तेवढी उभी राहिली.

ताप गोंदियाहून आला असं लोक म्हणत. गोंदियात तो रेल्वेनं उतरला, राइसमिलच्या हमालांच्या अंगाखांद्यावर बसून तिरोड्याकडे सरकला आणि चोरखमाऱ्याच्या तलावाखाली धानाच्या बांध्या, खाचरं तुडवीत गावात शिरला. सकाळी औत घेऊन गेलेला माणूस दुपारी काठी टेकत घरी यायचा. डोळे लाल, अंगाची भट्टी, कंबर कोणी मोगरीनं ठेचल्यासारखी. रोवण्याला गेलेल्या बाया घडीभर म्हणून धुऱ्यावर, बांधावर टेकत आणि तिथून त्यांना हात धरून आणावं लागे.

बकारामच्या घरी आधी सून पडली, नंदाबाई. दुसऱ्या दिवशी मुलगा मनिराम खाटेवर गेला. मग घरात दोनच माणसं पायांवर होती. एक बकाराम, सत्तरीला टेकलेला, वाळक्या बोरीसारखा. दुसरी त्याची बायको धुरपता, जिचे गुडघे तीन पावसाळ्यांपासून रुसून बसले होते.

या दोघांना मनिरामनं कधीचंच कामातून काढलं होतं. काही वाईट मनानं नाही. "बाबा, तू लय केलं, आता सपरीत बस," असं म्हणाला होता. तेव्हापासून बकाराम दारापुढच्या सपरीत, पडवीत बसून अंबाडीचे दोर वळी. गावात बैल नव्हते तेवढे कासरे त्यानं वळून ठेवले होते. जेवायला हाक आली की तो जेवी. भूक लागली म्हणून जेवला, असं बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

"आपल्याले होत नाई हे," धुरपता चुलीशी पेज ढवळत म्हणाली. "मानमोडीच्या साथीत दोघंबी मरता मरता वाचलो. मानमोडी एक डाव येऊन गेली का मंग त्या मानसाची वाट इसरते."

"कोनं सांगतलं तुले?"

"कोनं सांगाले पायजे? तुमी उभे आहा का नाई?"

तो उभा होता हे खरंच होतं.

सरकारी दवाखान्यातला कंपाउंडर सायकलीवर आला. नाकाला रुमाल बांधलेला, बिचारा स्वतःच चार गावं फिरून गळून गेलेला. त्यानं मनिरामच्या आणि नंदाबाईच्या काखेत तापाची काच लावली, पुडीतून गोळ्या दिल्या आणि सपरीत येऊन बकारामकडे बोट केलं.

"देखो बाबा, हे दोघं जवान आहेत, उठून बसतील. फिकर तुम्हा लोकांची आहे. बुढ्या माणसाच्या छातीत उतरला तर मुश्कील. पाण्यात भिजायचं नाही, ओल्यात बसायचं नाही. समझे?"

"समजलं," बकाराम म्हणाला.

"बाबा, घरीच राय," आतून मनिराम कण्हला.

"घरीच आहो ना बापू."

पण शेत घरी नव्हतं. बकाराम दुपारी नुसता पाहायला म्हणून गेला. पऱ्हे टाकलेल्या तुकड्यात लावणीची रोपं दाट, हिरवीगार उभी होती. हात फिरवला तर पोपटाच्या पाठीसारखी लागत. पण बुडाशी एखादं पान पिवळं दिसू लागलं होतं. अजून आठ-दहा दिवसांत ती जून होणार, बुडाला कांडी धरणार, मग रोवली काय न रोवली काय. वरच्या बांध्या ताप येण्याआधी रोवून झाल्या होत्या. राहिल्या होत्या दोन. एक मोठी बांधी आणि दुसरी जांभळीखालची, लहान पण घरच्या खाण्याचा धान देणारी.

संध्याकाळी त्यानं हे धुरपताला सांगितलं. सकाळी पाहतो तर तिनं भाकरी फडक्यात बांधली होती आणि बसायची लहान माची दाराशी काढून ठेवली होती.

"हे कोनासाठी?"

"मले बसाले. चिखलनी तुमी करा, रोवा तुमी. मी धुऱ्यावर बसतो आन सांगतो."

"मी रोवू? बाईमानसाचं काम?"

"बाईमानसं आडवी पडली ना सारी. बसा मंग दोर वळत!"

मोठ्या बांधीत बकारामनं बैल घातले तेव्हा त्याला वाटलं होतं, दोन तासांत दम निघेल. पण बैलांनी त्याचा आवाज ओळखला. पाय गुडघाभर गाळात गेले, गाळ बोटांच्या फटींतून वर आला, आणि त्याच्या तोंडून "हो रे, हो रे" असं आपसूक निघू लागलं. चिखल लोण्यासारखा झाला. इथवर सगळं त्याचं होतं. मग त्यानं पऱ्ह्याची जुडी हातात घेतली, वाकला आणि रोवू लागला. चार काड्या अंगठ्याखाली धरायच्या, गाळात खुपसायच्या, पुढं जायचं. जमतंय की! तो वाकलेल्या कमरेनं बराच लांब गेला.

मागून हसण्याचा आवाज आला. धुरपता माचीवर बसून हसत होती, हसता हसता खोकत होती.

"अजी, काय करून रायले तुमी?"

"रोवून रायलो. दिसत नाई?"

"मांगं पाहा!"

त्यानं मागं पाहिलं. त्यानं लावलेलं एकेक रोप त्याच्याच पावलाखाली गेलं होतं. काही गाळात गाडलेली, काही पाण्यावर तरंगत होती.

"नांगरामांगं चालून रायले का? रोवना मांगं सरकत करते मानूस. मांगं, अजी, मांगं!"

"जनमभर समोरच गेलो मी."

"म्हनूनच त मी मांगं रायली," धुरपता म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. "वाका आता. आन चार काड्या नोको, तीन बस्स."

मागं सरकणं सोपं नव्हतं. डोळ्यांना दिसतं एकीकडे, पाय जातात दुसरीकडे. दोनदा तो बसकण मारून चिखलात बसला. दोन्ही वेळा धुरपतानं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दुपारपर्यंत त्याची रोपांची पात वेठबिगारीच्या गाडीच्या चाकोरीसारखी वाकडीतिकडी झाली होती. पण रोपं उभी होती.

तेवढ्यात शेजारच्या धुऱ्यावरून शालीकराम आला. बकारामच्याच वयाचा, जुना जोडीदार, तोंडानं फटकळ. तो थांबला, कमरेवर हात ठेवून पाहत राहिला.

"बकाराम, लुगडं कवा नेसतस गा?"

बकारामनं मान वर केली नाही. कान मात्र तापले. उत्तर धुरपतानं दिलं.

"शालीकरामभाऊ, तुमच्या घरी कोन उभं आहे?"

"कोनी नाई. पोरगा, सून, दोघंबी पडले."

"परे रोवून झाले?"

"कायचे झाले!"

"मंग उतरा इकडं. तुमच्या मापाचंबी लुगडं आहे माह्यापाशी."

शालीकराम "हट्" म्हणून निघाला. धुऱ्याच्या टोकापर्यंत गेला. तिथं उभा राहून त्यानं आपल्या शेताकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, आणि परत आला. धोतराचा काचा वर खोवून तो बांधीत उतरला आणि पहिल्याच झटक्यात पुढं चालू लागला.

"मांगं!" बकाराम मोठ्या रुबाबात ओरडला. "समोर का जातस? रोवना मांगं सरकते, येवढंबी नाई समजत?"

मग असं ठरलं की सकाळी याची बांधी, दुपारून त्याची. धुरपताची माची रेंगीत, लहान बैलगाडीत घालून इकडून तिकडे न्यायची. ती दोन्हीकडे बसून शिव्या द्यायची, जुड्या बांधून फेकायची आणि मधून मधून रोवण्याचं एखादं गाणं म्हणायची. आवाज फुटक्या मडक्यासारखा होता. पण ठेका धरून हात चालत.

घरचं कामही होतंच. पाणी भरायला बकाराम विहिरीवर गेला. तिथं दोन-तीन म्हाताऱ्या होत्या. त्यानं जन्मात शंभर बैल गोठ्यात बांधले असतील. पण घागरीच्या गळ्याला कोणती गाठ मारतात हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं बैलाची गाठ मारली. घागर खाली गेली, डुबली आणि दोर तेवढा हलका होऊन वर आला. म्हाताऱ्या तोंडाला पदर लावून हसल्या. एकीनं गळ टाकून घागर काढून दिली आणि म्हणाली, "कवतिक आहे बाई धुरपताचं." तो अर्धी घागर घेऊन घरी आला, उरलेली अर्धी धोतरावर होती.

नंदाबाईनं ते पाहिलं. अंगात ताप होता तरी ती उठू लागली. सासऱ्यानं पाणी भरावं आणि सुनेनं निजून राहावं! तोंडावर पदर ओढून ती भिंतीला धरून रडायला लागली. बकाराम अडचणीत पडला. सुनेशी तो समोरासमोर कधी बोलला नव्हता. घागर ठेवून, तोंड अंगणाकडे करून तो बायकोला म्हणाला, "सांग तिले, निजून राय म्हना."

"ऐकून रायली ते," धुरपता म्हणाली.

"तरी सांग."

"मामाजी म्हनते, निजून राय व."

"हो," पदराआडून आवाज आला.

संध्याकाळी तो मनिरामच्या पाठीला हात देऊन बसवी आणि पेज पाजी. मुलाची पाठ एवढी रुंद झाली हे त्याला ठाऊकच नव्हतं. मग स्वतः जेवायला बसला की तीन भाकरी खाई. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या, नखं काळी पडली होती, कमरेत रात्री कोणी करवत फिरवी. धुरपता मोहाच्या टोळीचं, बियांचं तेल कोमट करून त्याच्या पायांना लावी. "हड्डी हड्डी बोलून रायली," ती म्हणायची. "काय म्हनते?" "म्हनते, बुढा हरामखोर दोन वर्स बसून खात होता." तो हसे आणि हसता हसताच घोरू लागे. खरं सांगायचं तर गावात ताप होता, दोन घरांतून रडणं ऐकू आलं होतं, आणि बकारामला मनातून बरं वाटत होतं. त्याची त्याला लाज वाटे. पण बरं वाटे.

मोठी बांधी संपत आली त्या दुपारी पाऊस झडीसारखा लागून होता. धुरपतानं डोक्यावरून घोंगडं घेतलं होतं. शेवटच्या दोन पाती राहिल्या होत्या. बकाराम वाकला होता आणि त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. काय ते कळेना. मग त्याच्या ध्यानात आलं, कितीतरी वेळ झाला, धुऱ्यावरून एकही शिवी आली नव्हती.

त्यानं वळून पाहिलं. धुरपता पऱ्ह्याच्या जुड्यांवर डोकं टेकून पडली होती. तो चिखलातून धावला. गालाला हात लावला. तव्याला लावावा तसा झाला.

"काही नाई," ती म्हणाली. "थंडी वाजते जराशी. दोन पाती घ्या ओढून."

दोन पाती शालीकरामनं ओढल्या. बकारामनं रेंगी जुंपली.

कंपाउंडर दुसऱ्या सकाळी आला. पाठीला कान लावून त्यानं बराच वेळ ऐकलं. मग बकारामवर डाफरला, "मैं क्या बोला था? ओल्यात बसवू नका म्हणालो होतो ना?" बकाराम खाली मान घालून उभा राहिला. त्याची ती मान पाहून कंपाउंडरचा आवाज खाली आला. "छातीत उतरलंय. या गोळ्या चुकवू नका. आडवी निजवू नका, दम कोंडेल. पाठीला टेका देऊन बसती ठेवा. गरम गरम पाजत राहा."

टेका कशाचा द्यायचा? धानाचं पोतं लावलं, ते टोचलं. गोधड्यांची वळकटी घसरली. शेवटी बकाराम स्वतः भिंतीला पाठ लावून बसला आणि तिला आपल्या छातीशी टेकवून घेतलं. तिच्या छातीतली घरघर त्याच्या बरगड्यांत ऐकू येई. मुलासुनेच्या देखत असं बसणं पाहून पहिल्या दिवशी त्याला वाटलं, भूमी पोटात घेईल तर बरं. नंदाबाई आता भिंत धरून चालू लागली होती. ती पेजेची वाटी उंबऱ्यावर ठेवी, तोंड फिरवून उभी राही आणि रिकामी वाटी घेऊन जाई.

मनिरामही उठला. पाय लटपटत होते. बाहेरून येऊन तो दारात उकिडवा बसला.

"बाबा, परे जून होऊन रायले."

"हं."

"जांभरीखालची बांधी तेवढी रायली. मले अजून औत धरवत नाई. शालीकराममामा येतो म्हनते. तू चिखलनी करून दे. मायजवळ नंदा बसन."

बकारामनं खाली पाहिलं. धुरपताच्या मानेला घाम आला होता. तो जरा हलला की ती दचके आणि हवेत हात टाकून काहीतरी धरू पाही.

"आता नाई," तो म्हणाला.

"दोन दिसाचं काम आहे. मंग नाई जमनार. पडीक राईन बांधी."

"राहू दे."

मनिराम बापाकडे पाहत राहिला. स्वतःचा बाप मेला त्या दिवशी स्मशानातून परत येऊन औत धरणारा माणूस हा. पावसाची ओढ पडली त्या सालीही यानं घागरींनी पाणी घालून एक कोपरासुद्धा मोकळा ठेवला नव्हता. गावात पडीक बांधी ज्याची, त्याच्या तोंडावर कोणी बोलत नसे. पण पाठीमागे बोलायचं सोडतही नसे.

"खायाचा धान आहे तो, बाबा."

"कमी खाऊ," बकाराम म्हणाला. "जा आता. ऊन पानी आन."

धुरपता तापात होती तेव्हा तिचे डोळे उघडे असत. पण ती इथं नसे. कधी "जुडी फेका" म्हणे, कधी मेलेल्या आईशी बोले. एकदा तिनं मान वळवून त्याच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "जांभरीखालची झाली?" त्यानं "होऊन रायली," असं खोटंच सांगितलं. शालीकराम येई, दाराशी बसे, विडी पेटवी आणि विझवी. असे दिवस गेले. मग एका पहाटे तिच्या अंगाला दरदरून घाम फुटला, बकारामची बंडी ओलीचिंब झाली, आणि त्याच्या बरगड्यांतली घरघर पातळ होत होत थांबली. त्याला वाटलं, संपलं. तो हलायला भ्याला.

"पाठ दुखली माही," धुरपता म्हणाली. "हड्ड्याच हड्ड्या आहेत तुमच्या अंगात. मिरचीचा ठेचा आहे का घरी?"

नंदाबाई उंबऱ्यावर होती. ती सगळा मान विसरून सासऱ्याच्या देखत मोठ्यानं हसली आणि मग जीभ चावून आत पळाली.

दोन दिवसांनी, भाकरीचा तुकडा ठेच्याशी लावता लावता धुरपतानं विचारलं.

"परे कसे उभे रायले जांभरीखालचे?"

बकारामनं पाण्याचा गडू तिच्यापुढं सरकवला.

"मी काय इचारतो?"

"रोवली नाई."

तिनं तुकडा ताटलीत ठेवला. "पडीक ठेवली?"

"हो."

"कायले?"

"तू पडली होती ना."

"मी पडली म्हनून बांधी पडीक? लोक काय म्हनतीन? बुढा बुढीच्या मांगं बसून रायला म्हनतीन!"

"म्हनू दे."

ती भिंतीकडे तोंड करून बसली. बकारामला वाटलं, रागावली. तो सपरीत जाऊन अंबाडी घेऊन बसला. संध्याकाळी विहिरीवरची म्हातारी पाहायला आली. आतलं बोलणं त्याच्या कानावर आलं.

"काय सांगू बाई, येवढी चांगली बांधी पडीक पाडली या मानसानं. माह्यापायी!"

दुसऱ्या दिवशी आणखी दोघी आल्या. "अकलेचा कांदा आहे, बाई. सोन्यासारखे परे जून होऊ देले. कोनापायी? त माह्यापायी!" शालीकराम आला तर त्यालाही तेच. गाऱ्हाणं दर वेळी लांबत होतं आणि दर वेळी 'माह्यापायी'ला आवाज चढत होता. शालीकराम बाहेर येऊन बकारामच्या कानाशी लागला, "अजून एखादी पडीक पाड गा. बुढी दोन सालं जास्त जगन."

श्रावण लागला होता. उघडीप पडली, तसा धुरपतानं हट्ट धरला, शेतात न्या. कंपाउंडर काय म्हणाला होता ते बकारामनं सांगून पाहिलं. "ओल्यात बसत नाई, कोरड्यात बसतो," ती म्हणाली. रेंगीत पेंढा घातला. नंदाबाई आणि मनिराम बरोबर निघाले.

मोठी बांधी काळसर हिरवी झाली होती. धुरपतानं तिच्याकडे एकवार पाहिलं, वाकड्या पातींवरून नजर फिरवली आणि "चला पुढं," म्हणाली. रेंगी जांभळीखाली थांबली.

चारी बाजूंना हिरवं आणि मधे हा एवढा पाण्याचा तुकडा, आभाळ घेऊन पडलेला. तलावाचं जास्तीचं पाणी बांध्याबांध्यांतून इथवर उतरलं होतं आणि त्याबरोबर बारीक मासोऱ्या वाहून आल्या होत्या. रोप नसल्यानं त्यांना मोकळं रान मिळालं होतं. मनिराम आणि नंदाबाई जुन्या लुगड्याची दोन टोकं धरून पाण्यात उतरले. लुगडं वर काढलं की त्यात चांदी वळवळे. नंदाबाई ओरडे, मनिराम हसे. महिन्याभरानं त्या दोघांचे चेहरे माणसात आले होते.

धुरपता धुऱ्यावर पेंढ्यावर बसली. कोणी पाहत नाही असं बघून तिनं हळूच पावलं पाण्यात सोडली. बकारामनं पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

पलीकडच्या धुऱ्यावरून निंदणाच्या बायांची ओळ निघाली होती. ताप उतरून उठलेल्या, गाल बसलेल्या, पण तोंडं पुन्हा सुरू झालेल्या. पुढची तुळसा थांबली. बांधी कोणाची ते तिला ठाऊक होतं, सगळ्या गावाला ठाऊक होतं. तिनं मुद्दाम हात तोंडाशी धरून हाळी घातली.

"काय व धुरपतामाय, सारा गाव रोवून झाला! हे पडीक कोनाची व?"

बायांच्या ओळीत खसखस पिकली. बकारामची मान खाली गेली. तो बैलाच्या शेपटीला लागलेली गोचीड शोधू लागला.

धुरपता कमरेवर हात ठेवून सरळ झाली. खोकला आला, तो तिनं थांबू दिला, आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं ओरडली.

"माही व, माही! मले देली!"